ऑनलाइन मतदान आणि मागे उभा असलेला माणूस

कागदीघोडा

आमची एक सभासदांची संघटना आहे. सभासद चहूकडे पांगलेले, प्रत्यक्ष मतदानाला येणारे थोडे. म्हणून पुढची निवडणूक ऑनलाइन घ्यायचं घाटतंय आणि नियमावलीचा मसुदा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हॅक होईल का, सर्व्हर बसला तर काय, हे सगळेच विचारतात. पण बैठकीत एका सभासद बाईंनी वेगळंच विचारलं. "मी घरून मत देणार. तेव्हा माझ्या मागे कोण उभं आहे हे तुमच्या सर्व्हरला कसं कळणार?" कोणाकडेच उत्तर नव्हतं, विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मतदान केंद्रात पडद्याआड एकट्यानेच जावं लागतं. फोनवर तो आडोसाच नाही. नवरा, सासरा, मालक, गटाचा पुढारी, कोणीही शेजारी बसून "इथे दाब" म्हणू शकतो. नाहीतर सरळ पासवर्डच काढून घेईल. यावर खरोखर काही उपाय आहे का, की ऑनलाइन म्हटलं की हे गृहीतच धरायचं? ईव्हीएम हॅक होतं की नाही हा विषय कृपया इथे नको.

ठोकळा

पहिला! ईव्हीएम हॅक होतं का?

(हलके घ्या.)

बीजगणित

चांगला धागा. यावर तीसेक वर्षं संशोधन चालू आहे, पण वर्तमानपत्रांत फक्त हॅकिंगच येतं.

प्रत्यक्ष वापरातला सगळ्यात साधा उपाय एस्टोनियाचा. २००५ च्या स्थानिक निवडणुकांपासून तिथे इंटरनेटवरून मत देता येतं, २००७ पासून संसदेच्या निवडणुकीतही. नियम असा की मुदतीत कितीही वेळा मत द्या, शेवटचंच धरलं जातं. शिवाय केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलंत तर ऑनलाइन दिलेलं आपोआप रद्द. म्हणजे कोणी मानेवर बसून मत द्यायला लावलं, तर तो गेल्यावर पुन्हा द्यायचं. पैसे देऊन मत विकत घेणाऱ्याचीही पंचाईत होते, कारण आपण घेतलेला माल टिकेल की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही.

गंमत म्हणजे यावर तिथे कोर्टबाजी झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आर्नोल्ड रूटेल यांचं म्हणणं होतं की ऑनलाइनवाल्यांना मत बदलायची मुभा आणि कागदवाल्यांना नाही, ही असमानता झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच ते फेटाळलं. घरून मत देणाऱ्याच्या मागे पडदा नाही, तेव्हा मत बदलता येणं हाच त्याचा पडदा, असा साधारण सूर होता.

मीनाक्षी_ज

वाचतेय.

शंकासुर

बीजगणित, छान लिहिलंत, पण हा उपाय कागदावरच गोंडस दिसतो. दडपण आणणारा तेवढ्यात निघून जातो असं का धरायचं? घरातलाच असेल तर कुठे जाणार तो? मुदत संपायच्या शेवटच्या तासाला मत द्यायला लावेल, फोन आपल्या खिशात ठेवेल, संपलं. एस्टोनियात ओळखपत्राचं कार्ड लागतं ना, ते काढून घेतलं की झालं.

बीजगणित

@शंकासुर, म्हणूनच कागदाला वरचढ ठेवलंय. आधी ही सोय मुदतपूर्व मतदानाच्या दिवसांपुरतीच होती. २०२१ पासून खुद्द मतदानाच्या रविवारीही जाऊन ऑनलाइन मत रद्द करता येतं, आणि ऑनलाइनची खिडकी त्याआधीच बंद झालेली असते. त्यामुळे "शेवटच्या तासाला" हा डाव बसत नाही. पण त्या दिवशी बाईला घराबाहेरच पडू दिलं नाही तर काय, हा तुमचा प्रश्न राहतोच.

मावशीबाई

तुम्हा लोकांचं गणित चालू द्या, मी अनुभव लिहिते. संस्थेचं नाव घेत नाही. आमच्याकडे पोस्टाने मतपत्रिका यायच्या. घरात सभासद चौघे, पाकिटं चार, आणि भरणारे हात एकाच माणसाचे. आम्ही बायकांनी फक्त सह्या केल्या. कोणी दमदाटी केली नाही, आवाजही चढवला नाही. "आणा इकडे, मी करतो" एवढंच. आता याला तुमच्या भाषेत दडपण म्हणायचं की नाही ते सांगा. कारण तुमच्या त्या पुन्हा मत देण्याच्या सोयीचा मला काडीचा उपयोग झाला नसता. मुळात मत माझं आहे हेच तेव्हा डोक्यात नव्हतं.

आडवाटेवर

मावशीबाई, +१. याला कुठलाच अल्गोरिदम पुरा पडत नाही.

मात्र यातूनच पडद्याचं महत्त्व कळतं. गुप्त मतदानाला आपण हक्क म्हणतो, पण हक्क सोडून देता येतो. घरात "मला काय लपवायचंय, बघ की" असं म्हणायला लावलं की हक्क संपला. म्हणून केंद्रावर गुप्तता सक्तीची असते. तुम्हाला दाखवायची कितीही हौस असली तरी दाखवू देत नाहीत. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सरकारी छापील मतपत्रिका आणि आडोसा आला, ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्याने. त्याआधी मत उघड सांगायचं, आणि जमीनदार समोर उभा. जॉन स्टुअर्ट मिलसारखा उदारमतवादी विचारवंतसुद्धा गुप्त मतदानाच्या विरोधात होता. मत ही जबाबदारी आहे, ती चारचौघांत पार पाडावी, असं त्याचं म्हणणं. जमीनदाराची कुळं त्याच्याशी सहमत नसावीत.

ठोकळा

हल्लीचे जमीनदार सेल्फी मागतात.

सहावी_खिडकी

@ठोकळा, विनोद नाही हा, खरंच आहे. इटलीत २००८ मध्ये मतदानाच्या खोलीत कॅमेरावाला फोन नेण्यावर बंदी घालावी लागली, कारण मत विकणारे पुरावा म्हणून फोटो दाखवत. उलट अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने मतपत्रिकेच्या फोटोवर बंदी घातली, तर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून उडवली.

इटलीचीच आणखी एक जुनी युक्ती. एकाच यादीतल्या अनेक उमेदवारांना पसंती द्यायची सोय होती. पुढारी प्रत्येकाला वेगळी जोडी, वेगळा क्रम नेमून द्यायचा. मोजणीच्या वेळी त्याचा माणूस बघणार, अमुक क्रमाची पत्रिका निघाली का? निघाली नाही तर तू फितूर. म्हणजे पत्रिकेवर नाव नाही, सही नाही, तरी ओळख पटते. १९९१ च्या सार्वमताने पसंत्या एकावर आणल्या. आजही एखादी प्रणाली "पारदर्शकता" म्हणून सगळी मतं जशीच्या तशी जाहीर करत असेल आणि मतपत्रिका लांबलचक असेल, तर हाच धोका.

कागदीघोडा, तुमच्याकडे किती जागांसाठी मतदान असतं?

कागदीघोडा

कार्यकारिणीच्या पंधरा जागा, उमेदवार तिप्पट. म्हणजे हे आमच्याकडे होऊ शकतं! पूर्ण मतपत्रिका जाहीर करायच्या नाहीत, फक्त उमेदवारनिहाय बेरीज, हे लिहून ठेवलं.

मावशीबाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बैठकीतल्या बाईंना हेच म्हणायचं असावं.

रिकामटेकडी

एक बाळबोध प्रश्न. मी मत दिल्यावर ते बरोबर नोंदलं गेलं का हे मला तपासता आलं पाहिजे ना? मग जो पुरावा मला दिसतो तो माझ्या मागे उभ्या असलेल्यालाही दिसणारच. दोन्ही एकदम कसं जमणार?

बीजगणित

बाळबोध कसला, हाच तर सगळ्यात अवघड प्रश्न! जोश बेनालो आणि ड्वाइट टुइन्स्ट्रा यांनी १९९४ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. मतदाराची स्वतःची खात्री पटावी, पण दुसऱ्याला पटवून देता येईल असं काहीही त्याच्या हातात उरू नये. त्यांनाही मतदानाची बंद खोली धरूनच चालावं लागलं होतं.

२००५ मध्ये आरी जुएल्स, दारियो कातालानो आणि मार्कुस याकॉबसन यांनी आणखी पुढचं मांडलं. त्यांचा दांडगट फक्त पावती मागत नाही. तो म्हणतो मत देऊच नकोस, किंवा डोळे मिटून कुठेही दाब, किंवा तुझी किल्लीच मला दे. उपाय त्यांनी भन्नाट काढला, खोटी किल्ली. नोंदणीच्या वेळी तुम्हाला एक खरी गुप्त किल्ली मिळते आणि तशाच दिसणाऱ्या हव्या तितक्या खोट्या तुम्हाला बनवता येतात. दांडगटासमोर खोटी वापरा, नाहीतर त्याला देऊनच टाका. यंत्रणा ते मत निमूटपणे स्वीकारते, "धन्यवाद" म्हणते. मोजणीच्या वेळी खोट्या किल्लीची मतं गळतात, पण कोणती गळली हे मोजणाऱ्यालाही कळत नाही. एकांतात खऱ्या किल्लीने खरं मत द्यायचं.

मूळ पद्धतीत प्रत्येक मत दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहावं लागायचं, म्हणून मोठ्या निवडणुकीत मोजणी संपता संपत नसे. पुढे त्यावर बऱ्याच सुधारणा झाल्या.

शंकासुर

भन्नाट आहे, मान्य. आता हे मावशीबाईंच्या घरी लावून बघा. नोंदणीला कोण जाणार? "चला, मी येतो सोबत." खरी किल्ली कुठे ठेवणार? ज्या फोनवर दुसऱ्याचा हक्क आहे त्याच फोनवर? आणि खरी कुठली, खोटी कुठली हे सहा महिन्यांनी आठवणार आहे? मी तर बँकेचा पिनही दर वेळी विसरतो.

बीजगणित

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. नोंदणी तेवढी प्रत्यक्ष आणि आडोशात करायची. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी अशी रचना मांडली आहे. आडोशात यंत्र असतं, ते कागदावर खरी किल्ली छापतं, मग हव्या तितक्या खोट्या. खरी कुठली हे तुम्हाला छपाईच्या क्रमावरून कळतं, नंतर कागदावरून कोणालाही कळत नाही. पडदा मतदानातून नोंदणीत हलवला, एवढंच. पण एकदाच हलवायचा आणि पुढच्या बऱ्याच निवडणुकांना पुरवायचा.

विसरण्याच्या प्रश्नाला उत्तर नाही.

निवांत_वाचक

इतका काथ्याकूट कशाला? पोस्टाने मतदान जगभर चालतं, तिथेही मागे कोणीही उभं राहू शकतं. ते चालतं तर ऑनलाइनलाच वेगळा न्याय का? स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक लोक पोस्टानेच मत देतात, काही आभाळ कोसळलं नाही.

आडवाटेवर

@निवांत_वाचक, स्वित्झर्लंडचं उदाहरण दुधारी आहे. तिथल्या ऑनलाइन मतदानात घरी छापील कोड येतात. मत दिल्यावर स्क्रीनवर दिसणारा कोड कागदाशी जुळला की मत नीट पोहोचलं. मधल्या हॅकरसाठी उत्तम, शेजारी बसलेल्या माणसासाठी काही नाही, कारण एकदा दिलेलं मत तिथे बदलताच येत नाही. पोस्टाची सवय असलेल्या समाजाने तो धोका पत्करला आहे.

ब्रिटनमध्ये मात्र कोसळलं. २००१ पासून मागेल त्याला पोस्टल मत मिळू लागलं आणि २००४ च्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक निवडणुकीत इतके घोळ झाले की निकाल रद्द करावे लागले. न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांचे ताशेरे तेव्हा गाजले होते.

आणि कागदाला मर्यादा असते. शंभर पाकिटं गोळा करायला दारोदार फिरावं लागतं, कोणीतरी बघतं. शंभर पासवर्ड गोळा करायला एक संध्याकाळ आणि एक ग्रुप पुरतो.

सहावी_खिडकी

नॉर्वेने २०११ आणि २०१३ ला ऑनलाइन मतदानाचे प्रयोग केले, तिथेही पुन्हा मत देता येत होतं, कागद वरचढ होता. २०१४ मध्ये सरकारने बंद केले. आपलं मत गुप्त राहील का, ही लोकांच्या मनातली शंका हे त्यामागचं एक कारण होतं. हा मुद्दा इथे कोणी काढला नाही अजून. गुप्तता असून भागत नाही, ती आहे असं मतदाराला *वाटलं* पाहिजे. दांडगटाला काहीही हॅक करायची गरज नसते. "आम्हाला सगळं कळतं" एवढं पसरवलं की काम झालं.

गोधडी

@सहावी_खिडकी, अगदी अगदी! मी एका कामगार संघटनेच्या निवडणुकीत उमेदवार होते (पडले). कंपनीच्या संगणकावरून मतदान. साहेबाने कोणाला काही सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी खोलीत येरझारा घालत होता. स्क्रीनवर काय दिसतंय हे त्याला दिसतही नसेल. पण लोकांनी मला नंतर सांगितलं, "ताई, हिंमत नाही झाली."

ठोकळा

त्याला येरझाऱ्यांचा वेगळा भत्ता मिळाला असेल.

कणाद_नव्हे

ईव्हीएमचा विषय नको म्हटलंय, पण हॅकिंगचं नाही लिहित, दडपणाचंच लिहितो. चालेल ना?

भारतात कागदी मतपत्रिका असताना मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळायची तरतूद होती. यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा दिसू लागला. एकट्याचं मत गुप्तच आहे, पण वस्तीचं उघडं पडलं. "तुमच्या बूथवर आम्हाला इतकीच मतं? बघतो पाण्याचं काय करायचं ते." यावर निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर सुचवला. चौदा यंत्रांपर्यंत जोडून एकच बेरीज दाखवणारं उपकरण. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात पाठिंबा दिला, सरकारने मानलं नाही. कोणत्या भागात आपण कमी पडतो हे पक्षांना कळलं पाहिजे, असा एक युक्तिवाद होता. मला तो अजिबात पटत नाही.

नोटा ('यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय) कसा आला तेही याच विषयातलं. आधी कोणालाच मत द्यायचं नसेल तर निवडणूक नियमांतल्या ४९-ओ खाली केंद्राधिकाऱ्यासमोर नोंद आणि सही करावी लागे, म्हणजे सगळ्यांना कळे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मत न देण्याचीही गुप्तता हवी.

निवांत_वाचक

पण केंद्रनिहाय आकडे जाहीर झाले नाहीत तर घोटाळा पकडायचा कसा? एखाद्या केंद्रात शंभर टक्के एकालाच मतं पडली, हे बेरजेत बुडून जाईल. तुम्ही दडपण थांबवायला जाल आणि पडताळणी घालवून बसाल.

कणाद_नव्हे

मुद्दा रास्त आहे. रिकामटेकडी यांनी विचारलं होतं तेच, फक्त एका माणसाऐवजी वस्तीसाठी. माझं मत तरीही मिसळण्याकडे. प्रत्येक यंत्राचा आकडा वाद झाल्यास न्यायालयासमोर काढता येईल असा सीलबंद ठेवा, चौकात लावू नका.

सहावी_खिडकी

अवांतर, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. नेदरलँड्समध्ये २००६ साली कार्यकर्त्यांनी दाखवलं की मतदान यंत्राच्या स्क्रीनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी बाहेर बसून पकडता येतात. एका पक्षाच्या नावात डोक्यावर चिन्ह असलेलं एक अक्षर होतं. ते दाखवताना स्क्रीनची लहर बदलायची, त्यामुळे त्या पक्षाला मत दिलं की रेडिओवर वेगळा आवाज! पडदा लावून आत गेलात आणि यंत्रानेच चहाडी केली. पुढे तो देश कागदावर परतला.

रिकामटेकडी

एका वेलांटीपायी निवडणूक यंत्रं घालवली. आमच्या मराठीच्या बाईंना कळवायला हवं.

कागदीघोडा

सगळ्यांचे आभार. आतापर्यंत मसुद्यात घातलेलं सांगतो. मत कितीही वेळा बदलता येईल. ऑनलाइन मुदत संपल्यावर एक दिवस कार्यालयात आडोशात कागदावर मत देता येईल आणि तेच अंतिम. मत दिल्यावर फक्त "नोंद झाली" एवढाच संदेश, कोणाला दिलं ते परत दिसणार नाही. उमेदवारनिहाय एकूण बेरीज जाहीर, शाखानिहाय नाही.

सॉफ्टवेअर म्हणून कोणीतरी हेलिओस सुचवलं आहे. कसं आहे?

बीजगणित

बेन अदिदाने २००८ मध्ये मांडलं. पडताळणीसाठी सुंदर, पण ते दडपणाची भीती नसलेल्या निवडणुकांसाठीच आहे असं त्याने स्वतःच स्पष्ट लिहिलंय. पहिल्या आवृत्तीत तर "माझ्यावर दडपण आणा" या अर्थाचं बटणच ठेवलं होतं. ते दाबलं की मताचा पुरावा हवा त्याला पाठवता येई. असं करणं शक्य आहे हे लोकांपासून लपवू नये, म्हणून. असा प्रामाणिकपणा विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

क्रिप्टोग्राफर्सची (माहिती कुलूपबंद करण्याच्या शास्त्रातल्या तज्ज्ञांची) आंतरराष्ट्रीय संघटना स्वतःच्या निवडणुकीला हेच वापरते. तिथे कोणी कोणाच्या मानेवर बसत नसावं.

आणि "परत काहीच दिसणार नाही" यावर पुन्हा विचार करा. मग बिघाड झाला तर मतदाराला कळणार कसं? एस्टोनियात मत दिल्यावर थोडी मिनिटं क्यूआर कोडने दुसऱ्या फोनवर मत तपासता येतं. दांडगटाने ते पाहिलं तरी नंतर मत बदलता येत असल्यामुळे तो पक्का पुरावा ठरत नाही.

शंकासुर

कागदीघोडा, तुमच्या मसुद्यात मुख्य दांडगट सुटलाय. सासरा आणि मालक बाजूला ठेवा. छोट्या संघटनेत दडपण कार्यकारिणीचंच असतं, आणि सर्व्हर कार्यकारिणीच्याच ताब्यात. कोणी कितीदा मत बदललं, कोणी कागदावर येऊन रद्द केलं, ही नोंद कोण बघू शकतं? "सोमवारी माझ्यासमोर मत दिलंस आणि शनिवारी कार्यालयात कशाला आला होतास?" एवढा एक प्रश्न विचारता आला की तुमची पुन्हा मत देण्याची सोय शून्य.

मावशीबाई

शंकासुर, या वेळी तुमच्याशी सहमत. यावर तोडगा सोपा आहे. त्या दिवशी सगळ्यांनाच कार्यालयात यायला काहीतरी निमित्त ठेवा. वार्षिक सभा त्याच दिवशी घ्या, आणि मतदानाची खोली अशी ठेवा की येणारा प्रत्येकजण तिच्यातून जाऊनच सभागृहात पोहोचेल. आत जाऊन मत बदललं की नुसतंच उभं राहून बाहेर आले, हे कोणाला कळतंय?

बीजगणित

मावशीबाई, हे आमच्या शोधनिबंधांपेक्षा सरस आहे. फक्त कागदावर मत देणाऱ्यांच्या यादीवर केंद्राधिकाऱ्याखेरीज कोणाची नजर पडू नये, आणि निकालानंतर ती सीलबंद राहावी.

कागदीघोडा

वार्षिक सभेचं जमेल, हॉलला दारं दोन आहेत, एक बंद ठेवू. मतं उघडायची किल्ली तिघांत वाटून द्यायची असं ठरलंय, तिघे एकत्र आल्याशिवाय काहीच उघडणार नाही.

शंकासुर

ते तिघे कोण?

कागदीघोडा

अध्यक्ष, सचिव, खजिनदार.

ठोकळा

आणि उमेदवार कोण?

कागदीघोडा

अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार.

गोधडी

किल्ल्या बाहेरच्यांना द्या. एखादी निवृत्त न्यायाधीश, विरोधी पॅनेलचा एक माणूस, आणि तुमच्या संघटनेशी संबंध नसलेला तिसरा. हे या निवडणुकीच्या नियमावलीतच लिहून घ्या. एकदा निवडून आले की कोणी हे बदलू देत नाही.

मीनाक्षी_ज

त्या बैठकीतल्या बाईंना मसुदा आधी वाचायला द्या. कार्यकारिणीकडे नंतर पाठवा.